आधी २४ पानांची ६ पानं करा, मग कॅमेऱ्याचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडचे पाच विद्यार्थी, मास कम्युनिकेशनचं दुसरं वर्ष. सत्र संपायच्या आत शॉर्टफिल्म जमा करायची आहे. प्रत्येकी ३,००० काढून १५,००० रुपये जमलेत, शूटिंगला तीन दिवस आहेत, पटकथा २४ पानांची तयार आहे. गोष्ट अशी: मुलगा शिकायला पुण्याला निघालाय, वडील रात्री एस.टी. स्टँडवर सोडायला आलेत, आणि गाडी सुटेपर्यंत दोघांना मागचं सगळं आठवतं. शेत, पाऊस, आईचं आजारपण, दवाखाना, शाळेचं गॅदरिंग. विचारलंय एवढंच, की या पैशात डीएसएलआर कॅमेरा भाड्याने घ्यावा की फोनवर भागवावं?

फोनवर भागवा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पण मी वीस वर्षं लोकेशन साउंड करतोय, म्हणजे शूटिंगच्या जागी आवाज रेकॉर्ड करतोय, त्यातली निम्मी वर्षं कॉलेजांतून कार्यशाळा घेतोय, आणि कॅमेऱ्यामुळे बुडालेली विद्यार्थ्यांची फिल्म मला अजून भेटायची आहे. बुडतात त्या पानांच्या संख्येमुळे आणि आवाजामुळे. म्हणून न विचारलेलंच जास्त सांगतो.

नीट मांडून लिहिलेल्या पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात. म्हणजे तुमची २४ मिनिटं. त्यात मी मोजली ती सात लोकेशन्स, अकरा पात्रं, एक पाऊस आणि एक बैलजोडी. शॉट डिव्हिजन केलंत, म्हणजे कुठला प्रसंग किती शॉटमध्ये घ्यायचा ते मांडलंत, तर आकडा सव्वाशेच्या खाली येणार नाही. नवखी टीम दिवसाला पंधरा ते अठरा शॉट धड घेते. पहिल्या दिवशी त्याहून कमी, कारण सकाळचे दोन तास 'कॅमेऱ्याच्या स्टँडची प्लेट कुणाकडे आहे' यात जातात. तीन दिवसांचे झाले पन्नास. उरलेल्या पंचाहत्तरांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिसऱ्या दिवशी चार वाजता उन्हं कलायला लागतात, दिग्दर्शक म्हणतो 'मास्टर घेऊन टाकू, क्लोज नंतर बघू', म्हणजे सगळा प्रसंग लांबून एकदाच, जवळून चेहरे नंतर, आणि फिल्मचा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग पंधरा फुटांवरून, कुणाचाही चेहरा न दिसता उरकला जातो. ते 'नंतर' येत नाही. मुलगा केस कापून येतो, वडिलांचं काम करणारे काका ड्यूटीवर रुजू होतात.

स्टँडचा तर विचारच सोडा. परवानगी महामंडळाकडून काढावी लागेल. ती मिळाली असं धरलं तरी रात्री तिथे दोन माणसांनी हळू बोलायचं म्हणजे मागे इंजिनं, हॉर्न आणि स्पीकरवरची घोषणा. नुसता गोंगाट असता तर एक वेळ चाललं असतं. अडचण अशी की वडिलांचं वाक्य एका टेकमधून आणि मुलाचं उत्तर दुसऱ्या टेकमधून घेतलं, की मागची घोषणा मध्येच तुटते. 'सांगलीहून स्वारगेटला जाणारी' एवढं ऐकू येतं आणि पुढे एकदम कंडक्टरची शिट्टी. मग डबिंग करावं लागतं, आणि नवख्या नटांचं डबिंग रेडिओवरच्या शेतीविषयक कार्यक्रमासारखं वाटतं.

तुमच्या पटकथेत पान १७ वर एक आठ ओळींचा प्रसंग आहे, तुम्ही तो भरतीला टाकलाय असं दिसतं. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात वडील मुलाची बॅग भरतात. फिल्म ती आहे. एक खोली, दोन माणसं, एक बॅग. आई नाही हे सांगायला दवाखाना लागत नाही. वडील लोणच्याची बरणी कुठल्या फडताळात आहे ते शोधत राहतात, तीन दारं उघडून बघतात, तेवढ्यात कळतं की हे घर आजवर दुसरं कुणीतरी चालवत होतं. सहा पानं करा. दोन दिवसांत होईल, तिसरा दिवस हाताशी ठेवा.

दादासाहेब फाळकेंनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा मागवला, तेव्हा भांडवलदाराची खात्री पटवायला त्यांनी आधी कुंडीतला वाटाणा उगवताना चित्रित केला. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, १९१३ मध्ये. घरात जे होतं त्यावर त्यांनी यंत्राचा हात बसवून घेतला. तुमच्याकडे स्वयंपाकघर आहे.

आता संवाद. तुमच्या वडिलांच्या तोंडी हे वाक्य आहे: 'बाळा, तुझ्याशिवाय हे घर अगदी सुनं सुनं होईल रे.' तुमच्यापैकी कुणाच्या वडिलांनी असं वाक्य उच्चारलंय? माझ्या वडिलांनी मला सोडताना विचारलं होतं, बॅटरी (टॉर्च) घेतलीस का. तुमच्या फिल्ममध्ये वडील म्हणू देत, 'हॉस्टेलात लाइट जाती म्हणं. बॅटरी घीटलीस का?' मुलगा म्हणेल, 'फोनात हाय की.' वडील तरीही बॅटरी बॅगेत टाकतील. ते वळले की मुलगा ती काढून ठेवेल. रात्री वडील पुन्हा टाकतील. बोलीला लाजू नका. मात्र ती तुमच्या गावचीच असू दे, मालिकेतून उचललेली नको. आणि सकाळच्या गजराने सुरू होणारी, आरशात बघणारी, शेवटी स्वप्न निघणारी फिल्म कृपा करून करू नका. परीक्षकांना गजराचा आवाज ऐकू आला की ते चहा मागवतात.

वडिलांच्या कामासाठी मित्राला मिशा लावू नका. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्यामुळे आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा पन्नाशी-साठीतला एखादा हौशी नट हमखास सापडतो. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेला, संध्याकाळी मोकळा असलेला. मानाने विचारलंत तर येतो. येण्याजाण्याचे पैसे आणि एक पाकीट द्याच, 'काका आपलेच आहेत' म्हणून फुकट राबवू नका. एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या: त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय झालेली असते. 'जरा नॅचरल करा' असं सांगून काही होत नाही, उलट अपमान वाटतो. मी काय करतो, तर तालमीला दोघांना जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसवतो आणि सांगतो, शेजारच्या खोलीत लहान मूल झोपलंय. आवाज आपोआप उतरतो, हातवारेही उतरतात. अशा चार तालमी करा, त्यातल्या दोन प्रत्यक्ष त्याच स्वयंपाकघरात, खरी बॅग खरी भरत. कुठल्या वाक्याला चेन लावायची, कुठल्या वाक्याला बरणी उचलायची, हे तिथेच ठरतं. शॉट डिव्हिजन तालमीनंतर करा. त्याआधी केलेलं बहुतेक वेळा फेकून द्यावं लागतं.

आता रेकी, म्हणजे शूटिंगआधी जागा बघून येणं. लोकेशन बघायला सगळे जातात, ऐकायला कुणी जात नाही. ज्या वेळी शूट करायचं त्याच वेळी त्या घरात जा, पंखा बंद करा, दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि जे जे ऐकू येईल ते लिहून काढा. फ्रीज. शेजारचा कुकर. गच्चीवरची पाण्याची मोटार. साडेसहाची आरती. नळाला पाणी येण्याची वेळ, कारण त्या अर्ध्या तासात अख्खी आळी बादल्या आपटते. ही यादीच तुमचं वेळापत्रक ठरवते. आरतीच्या वेळात बॅगेच्या चेनचे, बरणीचे, बॅटरीचे संवाद नसलेले शॉट घ्या.

फ्रीजचं एक सांगतो. तो बंद करावाच लागतो, त्याची घरघर संवादाखाली बसते आणि नंतर नीट काढता येत नाही. माझ्या पहिल्या फिल्मच्या वेळी मी एका काकूंच्या घरी फ्रीज बंद केला आणि पॅकअपनंतर तसाच निघून आलो. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, आत दोन किलो चक्का होता. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'झालं ना तुमचं सगळं नीट?' तेव्हापासून फ्रीज बंद केला की मी माझ्या गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवतो. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. तुम्हीही हेच करा.

आवाज फोनच्या आतल्या माइकवर अवलंबून ठेवू नका. फोन शॉटसाठी सहा फूट मागे गेला की आवाजही सहा फूट मागे जातो, आणि तुमचा क्लोज शॉट विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. हजाराच्या आसपास वायरचा कॉलर माइक मिळतो. दोन घ्या. प्रत्येक नटाच्या खिशात एक जुना फोन, विमान मोडवर टाकलेला, त्याला हा माइक. छातीच्या हाडावर, सदऱ्याच्या आत, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीने चिकटवा. सदरा सुती हवा. टेरिकॉटचा सदरा माइकवर घासला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. म्हणजे वेशभूषा ठरवताना साउंडवाल्याला विचारायचं. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि सगळ्यात जोरात बोललेलं वाक्यही मीटरवरच्या लाल रेषेच्या बरंच खाली राहील, उणे १२ डेसिबलच्या आसपास, असं बघा. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

प्रत्येक टेकला क्लॅप द्या. पाटी नसेल तर सीन, शॉट, टेक तोंडाने बोलून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. तीन यंत्रांवरचा आवाज आणि चित्र नंतर त्या टाळीवरच जुळतं. आणि प्रत्येक सीन संपला की कुणालाही हलू न देता मिनिटभर त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. एडिटला तुम्ही वडिलांच्या दोन वाक्यांमधला खोकला काढाल, तिथे पूर्ण निःशब्द भोक पडेल, आणि ते कानाला लगेच कळतं. त्या भोकात ही शांतता भरायची. पोरं या मिनिटाला हमखास हसतात. हसून झालं की पुन्हा पहिल्यापासून घ्या.

आता चित्राचं, थोडक्यात. फोनवर शटर हाताने ठरवू देणारं मोफत अ‍ॅप टाका. सेकंदाला २५ फ्रेम्स, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. फोन आपल्या मनाने ३० फ्रेम्सवर जातो आणि भिंतीवर पट्टे सरकायला लागतात; शूटिंगच्या वेळी छोट्या स्क्रीनवर ते दिसत नाहीत, कॉलेजच्या प्रोजेक्टरवर दिसतात. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा, नाहीतर वडील खिडकीसमोरून गेले की मागची भिंत मधूनच पिवळी होईल. लेन्स आधी पुसा. हसू नका, खिशातल्या फोनची लेन्स कायम तेलकट असते आणि अर्ध्या फिल्म्सचा 'ड्रीमी लूक' तिथूनच आलेला असतो.

प्रकाशासाठी भाड्याचे दिवे नकोत. खिडकी कुठे आहे ते बघा आणि समोरच्या बाजूला थर्माकोलचा मोठा तक्ता धरा, चेहऱ्याची काळी बाजू उजळते. रात्रीच्या सीनला एलईडी बल्ब छताकडे किंवा पांढऱ्या चादरीकडे वळवून प्रकाश उसळवून घ्या. ही गरिबीतली तडजोड समजू नका. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणून त्यावरून उसळलेल्या प्रकाशात ते चित्रित केलं होतं.

दोघं समोरासमोर बसले की त्यांच्यामध्ये एक रेघ आहे असं समजा आणि सगळे शॉट रेघेच्या एकाच बाजूने घ्या. रेघ ओलांडली की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. जमिनीवर खरोखर खडूने रेघ ओढली तरी चालेल. कंटिन्युइटीला, म्हणजे एका शॉटमधल्या वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशाच आहेत ना हे बघायला, एक माणूस पूर्णवेळ द्या आणि त्याला दुसरं काही सांगू नका. बॅगेची चेन किती उघडी होती, बरणी ओट्यावर होती की हातात, कपात चहा किती होता, याचा प्रत्येक टेकनंतर फोटो. तुमच्या फिल्ममध्ये बॅग हेच तिसरं पात्र आहे, तिच्यात काय गेलं आणि काय बाहेर आलं याचा गोंधळ झाला तर गोष्टच कळणार नाही.

पैशांचं. आधी जेवण. पाच तुम्ही, दोन नट, दोन मदतीला, असे नऊ जण, दोन दिवस. नाश्ता, जेवण, दोनदा चहा, संध्याकाळी काहीतरी, माणशी रोजचे ३०० धरा, ५,४०० झाले. वडापाववर दोन दिवस काढू असं ठरवणारी टीम दुसऱ्या दिवशी दुपारी एकमेकांशी बोलत नाही. २,००० माइकना, २,५०० काकांच्या पाकिटाला आणि प्रवासाला, हजारभर थर्माकोल, बल्ब, चिकटपट्टी, ट्रायपॉडचं भाडं. बॅग, बरणी, बॅटरी घरची. उरलेल्यातून साठवणुकीसाठी एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क घ्या आणि दीड-दोन हजार तिसऱ्या दिवसासाठी हात न लावता ठेवा. नारळ फोडायचा तर फोडा, पण कॉल टाइमच्या, म्हणजे सगळ्यांना कामावर बोलावलेल्या वेळेच्या, आधी. मुहूर्ताच्या फोटोसेशनमध्ये सकाळचा मऊ प्रकाश गेलेला मी अनेकदा पाहिलाय.

रोज रात्री झोपण्यापूर्वी सगळं फुटेज दोन ठिकाणी उतरवा आणि दोन्हीकडे उघडून बघितल्याशिवाय फोनमधून काही पुसू नका. हे काम एकाच माणसाचं. दोघांवर सोपवलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने केलं असेल.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. फोनच्या फुटेजची एक खोड आहे: अनेक फोन फ्रेम्सचा वेग कायम ठेवत नाहीत, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला जुळतो आणि चार मिनिटांनी ओठांच्या मागे पडतो. टाइमलाइनवर घेण्याआधी सगळ्या फाइल्स हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेम्सवर बदलून घ्या. आणि पहिला जोडकट, म्हणजे सगळे शॉट नुसते ओळीने जोडलेली फिल्म, बघून रडू नका. तो वाईटच असतो, माझा आजही असतो. तो आठ मिनिटांचा होईल. बहुतेक शॉटच्या सुरुवातीचा आणि शेवटचा दीड सेकंद उडवला की सहावर येईल. मग फिल्म न पाहिलेल्या एखाद्याला दाखवा आणि तोंड बंद ठेवून त्याच्याकडे बघत बसा. तो कुठे फोनकडे बघतो ते लिहून ठेवा.

संगीताच्या मोहात पडू नका. तुम्ही शेवटाला भीमसेन जोशींचा तुकारामांचा अभंग लिहून ठेवलाय. तुकारामांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. पण चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. परवानगीशिवाय ती वापरली तर वर्गात चालून जाईल, पण महोत्सवाच्या अर्जावर 'सर्व हक्क आमच्याकडे आहेत' इथे सही करताना अडकाल. तो अभंग मुळात काढाच. रात्री वडील एकटे, बॅगेची चेन हळूच उघडल्याचा आवाज, बॅटरी आत टाकल्याचा. तो आवाज वेगळा, माइक जवळ धरून, पाच-सहा वेळा रेकॉर्ड करून ठेवा. तिथे पेटी आणि बासरी घातलीत तर मला वाईट वाटेल.

दोन्ही नटांची आणि घरमालकांची एका कागदावर लेखी संमती शूटिंगच्या आधी घ्या. बोली आहे म्हणून इंग्रजी सबटायटल्स लागतील, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नकोत. आणि फिल्म झाली की त्याच रात्री सगळ्यांना खुली करून टाकू नका, पासवर्डची लिंक ठेवा. काही महोत्सव आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. मुंबईचा लघुपट-माहितीपटांचा महोत्सव १९९० पासून आहे, केरळच्या अशाच महोत्सवात कॅम्पस फिल्म्सचा वेगळा विभाग असतो. 'कॉलेजचाच तर प्रोजेक्ट आहे' असं तुमच्यातल्या एकाने प्रश्नात लिहिलंय, म्हणून सांगतो: नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' हा लघुपट अहमदनगरला मास कम्युनिकेशन शिकताना केला, आणि ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला.

सहा पानं झाली की मला पाठवा. सोबत त्या स्वयंपाकघराचा हाताने काढलेला नकाशा हवा: ओटा, खिडकी, फडताळाची तीन दारं, प्लगपॉइंट, आणि फ्रीज कुठे आहे ते.